मी बाजू बदलली त्या सिनेमाची गोष्ट

‘द ग्रेट वॉल्डो पेपर’ हा 1975चा इंग्रजी सिनेमा मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा फक्त विमानांसाठी. दुसऱ्यांदा पाहताना माझी बाजूच बदलली.

गोष्ट सुरू होते 1926च्या नेब्रास्कात. पहिलं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराकडची शिकाऊ वैमानिकांची विमानं स्वस्तात विकायला निघाली. त्यातलं सगळ्यांचं लाडकं म्हणजे ‘कर्टिस जेनी’. एकावर एक दोन पंख, लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, आधाराला तारा आणि 90 अश्वशक्तीचं इंजिन. ब्रेक नाहीत, स्टार्टर नाही, पंखा हातानं फिरवायचा! असं विमान घेऊन वैमानिक गावोगाव हिंडत, शेतात उतरत, कसरती दाखवत आणि पैसे घेऊन लोकांना आकाशात चक्कर मारून आणत. आपल्या जत्रेतल्या ‘मौत का कुआं’सारखाच मामला.

दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल स्वतः वैमानिक होते. त्यामुळे सिनेमात खरी विमानं खरोखर उडतात. जेनीच्या जागी बऱ्याचदा तिच्यासारखंच दिसणारं ‘स्टँडर्ड जे-1’ आहे. हवाई दृश्यं फ्रँक टॉलमन यांनी सांभाळली. त्यांचा एक पाय आधीच कापावा लागला होता, तरी ते उडत राहिले. त्यांचे भागीदार पॉल मँट्झ 1965मध्ये दुसऱ्या एका सिनेमासाठी उडताना अपघातात गेले होते.

सिनेमात न्यूट नावाचा सरकारी निरीक्षक आहे. नवे नियम दाखवून तो वॉल्डोचं उडणं बंद करतो. पहिल्यांदा मला त्याचा भयंकर राग आला. ऐन वेळी रिलीज अडवणाऱ्या टेस्टरचा येतो, अगदी तसाच!

दुसऱ्यांदा मात्र मेरी बेथचा प्रसंग नीट पाहिला. गर्दी खेचायला तिला उडत्या विमानाच्या पंखावर चढवतात. तिथं ती भीतीनं गोठते, आणि पडते. मग न्यूटची वही मला वेगळी दिसू लागली. तिच्यातला प्रत्येक नियम अशाच कुणाच्या तरी पडण्यातून आला असणार.

माझा कोड चुकला तर आम्ही जुनी आवृत्ती परत चढवतो. मेरी बेथला तशी सोय नव्हती.

मोठ्या मुलांसोबत हा सिनेमा जरूर बघा. संपल्यावर त्यांना एवढंच विचारा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?