आकाशात अग्निगोल दिसला तर…

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भासह राज्याच्या अनेक भागांत लोकांनी आकाशातून जळत जाणारी ठिणग्यांची रांग पाहिली. कुणी म्हणाले उल्का, कुणी म्हणाले विमान पेटले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले. तो एका चिनी रॉकेटचा उरलेला भाग असावा, असे अभ्यासकांचे मत पडले.

उल्का आणि रॉकेटचे तुकडे यांतला फरक साध्या डोळ्यांनीही कळू शकतो. उल्का वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने शिरते आणि बहुधा काही सेकंदांतच विझते. कक्षेतून घसरलेले तुकडे सेकंदाला जेमतेम आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवे येतात. ते मिनिटभरही दिसू शकतात. म्हणजे ‘किती वेळ दिसले?’ या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मे निदान असते.

आम्हा डॉक्टरांना याचे नवल वाटत नाही. ‘बरेच दिवस ताप येतोय’ यापेक्षा ‘मंगळवारपासून रोज संध्याकाळी थंडी वाजून येतो’ हे वाक्य आजाराच्या जवळ नेते. आकाशाचेही तसेच आहे.

शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. तो दिसला की लगेच या गोष्टी लिहून ठेवा:

• मोबाइलमधील अचूक वेळ आणि आपले ठिकाण.
• कुठे दिसला, कुठे विझला. ‘पाण्याच्या टाकीच्या वर’, ‘कडुनिंबाच्या उजवीकडे’ अशा खुणा चालतील. दिवसा त्याच जागी उभे राहून दिशा होकायंत्राने बघा. हात सरळ ताणून धरलेली मूठ म्हणजे आकाशातले सुमारे १० अंश; क्षितिजापासून किती मुठी वर होता ते मोजा.
• किती सेकंद दिसला, रंग, तुकडे झाले का, मागे धूर राहिला का.
• आवाज आला का, आणि किती वेळाने.

शेजाऱ्यांशी चर्चा नंतर करा. दुसऱ्याचे ऐकले की आपली आठवण नकळत बदलते. ‘टेकडीमागेच पडली’ हा अंदाजही बहुतेकदा फसतो. उल्का कित्येक किलोमीटर उंचीवरच विझते आणि शंभर-दीडशे किलोमीटर दूर असू शकते.

आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावरील अर्जात ही माहिती कुणालाही विनामूल्य भरता येते. वेगवेगळ्या गावांतून आलेल्या नोंदी जुळवल्या की उल्केचा मार्ग काढता येतो आणि दगड कुठे पडला असेल, तो शोधही सुरू करता येतो.

आता आरोग्याचे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर मोठा अग्निगोल फुटला. हजाराहून अधिक लोक जखमी झाले. बहुतेकांना फुटलेल्या काचा लागल्या. प्रकाश आधी पोहोचला, दाबाची लाट मिनिट-दोन मिनिटांनी. तेवढ्यात अनेक जण बघायला खिडकीशी आले होते. म्हणून डोळे दिपवणारा झोत दिसला, तर काही मिनिटे खिडकीपासून लांबच राहा.

शेतात अनोळखी धातूचा तुकडा सापडल्यास हात लावू नका. रॉकेटच्या भागात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. मुलांना दूर ठेवा आणि पोलीस पाटील किंवा तहसील कार्यालयाला कळवा.