ब्रेड आणि भाकर

‘ब्रेड’ हा इंग्रजी शब्द आपणांस पावाचें नांव म्हणून ठाऊक आहे; पण त्याचा अर्थ तेवढ्यावर संपत नाहीं. इंग्रजींत अन्नमात्राला ब्रेड म्हणतात, उपजीविकेलाही म्हणतात, आणि बाजारी बोलींत ब्रेड म्हणजे चक्क पैसा! फार काय, ‘लॉर्ड’ या भारदस्त पदवीच्या मुळाशीं ‘पावाचा राखणदार’ आहे, तर ‘लेडी’च्या मुळाशीं ‘पावाची कणीक मळणारी’.

अशा शब्दाचें भाषांतर करावें कसें? अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ सालीं अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आले. मुलूख ज्वारी-बाजरीचा. ख्रिस्ती प्रार्थनेंत देवाजवळ रोजचा ब्रेड मागितला आहे. पोर्तुगीजांकडून आलेला ‘पाव’ हा शब्द तेथें शब्दशः घातला असता, तर नगरच्या शेतकऱ्यास ती परक्याच्या न्याहारीची मागणी वाटली असती. मराठी बायबलांत तेथें ‘भाकर’ आली.

भाकरीचा व्यापही लहान नाहीं. पोटाची भाकर म्हणजे निर्वाह, मीठभाकर म्हणजे गरिबाचें साधें जेवण, आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजणें म्हणजे नसती उठाठेव. ज्या जिल्ह्यानें १८७६ ते १८७८ चा दुष्काळ सोसला, तेथें ‘रोजची’ या विशेषणाचें मोल निराळें सांगावें लागत नसे. धान्य बदललें, तवा बदलला. मागणारी भूक मात्र तीच राहिली. शब्दाला शब्द न देतां भुकेला भूक देणें, हेंच त्या भाषांतराचें यश होय.