उद्या काय अडेल? पाहुण्यांच्या शेतावर विचारायचा प्रश्न

हुरड्याच्या दिवसांत ज्वारीपेक्षा पाहुण्यांचा पैसा जास्त सुटतो, हे आता आपल्याकडे नवीन राहिलेलं नाही. बारामतीजवळ पळशीवाडीला २००५ साली कृषी पर्यटन केंद्र सुरू झाले. २०२० मध्ये राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरणही आणले. तेव्हापासून झोपाळे, बैलगाडी, टुमदार खोल्या सगळीकडे झाल्या. पण पाहुणा दुसऱ्यांदा येतो तो आगटीवरच्या गड्यामुळे आणि चुलीपुढच्या बाईमुळे. आणि ही माणसं कशी वागतील, ते त्यांच्यावर देखरेख करणाऱ्याच्या सवयीवर ठरतं.

एका केंद्रावर मी रविवारी गेलो होतो. चाळीस पाहुणे आलेले आणि टाकी कोरडी! मोटार जळाली होती. गडी मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, शुक्रवारपासून आवाज करत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"मागं न विचारता वायरमन बोलावला, तर दोनशे रुपये पगारातून कापले."

बरं, मालक आळशी म्हणावा तर तसंही नाही. पहाटे चारला उठणारा, गोवऱ्या रचण्यापासून ताटं मोजण्यापर्यंत सगळं आधीच स्वतः उरकणारा. मलाही वाटायचं, मालक असा झटणारा असला की माणसं आपोआप शिकतात. तसं होत नाही. सगळं तोच करतो म्हटल्यावर माणसं हाताची घडी घालून हुकमाची वाट बघतात.

दुसऱ्या एका केंद्रावर घरची सून कारभार बघते. संध्याकाळी ती सगळ्यांना घेऊन शेतभर फेरी मारते आणि प्रत्येकाला एकच विचारते, "उद्या काय अडेल?" सुरुवातीला कुणी तोंड उघडेना. मग तिने आधी स्वतःचीच चूक सांगायला सुरुवात केली. एका डब्यात पाचशे रुपये ठेवले. अडलं तर न विचारता खर्च करा, मागाहून सांगा. खर्च फुकट गेला तरी ती चारचौघांत बोलत नाही.

तिथल्या आगटीवरच्या म्हाताऱ्याने पेरणीआधीच सुचवलं, की हुरड्याची ज्वारी एकदम पेरू नका. दाणा कोवळा राहतो जेमतेम आठ-दहा दिवस, तेव्हा आठ-आठ दिवसांनी तुकडे पेरा. त्यावर्षी त्यांचा हुरडा पुष्कळ लांबला. चुलीवरची बाई गूळ वाढण्याआधी "साखरेचा त्रास आहे का?" असं स्वतःहून विचारते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

सरपंच मंडळी, आपल्या पाणीपुरवठ्याच्या माणसाकडेही जरा याच नजरेने बघा.

मोटारीचा आवाज ओळखणारा तो गडी आता एमआयडीसीत हेल्पर आहे. त्याचा जुना मालक परवा बाजारात भेटला. म्हणाला, "साहेब, एखादं हुशार पोरगं असेल तर सांगा. आमच्याकडं माणसंच टिकत नाहीत."