बांधांतील खेकडा : त्याचें कुळ व त्याचा बंदोबस्त

भाताच्या खाचराचा बांध रात्रींतून फुटला म्हणजे शेतकरी प्रथम खेकड्यास दोष देतो, आणि पुष्कळदां तो खराही असतो. परंतु शत्रूचें कुळ ओळखल्यावांचून केलेला उपाय बहुधा अंगलट येतो.

सर्व खेकडे दशपाद गणांतील होत. मात्र त्यांचीं कुळें अनेक आहेत. जपानच्या समुद्रांतील कोळी-खेकड्याच्या पसरलेल्या नांग्यांमधील अंतर ३ मीटरांहून अधिक भरतें. आपल्या शेतांतील मुठे याहून अगदीं निराळ्या, गोड्या पाण्याच्या कुळांतील आहेत. त्यांपैकीं एक मोठी जात १८३६ सालीं दख्खनमधील नमुन्यांवरून वर्णिली गेली. तिला दिलेल्या शास्त्रीय नांवाचा अर्थच 'बिळें करणारी' असा आहे. २०१६ सालीं सह्याद्रींतील पांच नव्या जाती एकदम प्रसिद्ध झाल्या, यावरून हें भांडार केवढें आहे तें दिसेल.

कुळभेदाचें खरें महत्त्व जननांत आहे. समुद्रांतील खेकड्याच्या अंड्यांतून सूक्ष्म डिंभ निघून प्रवाहाबरोबर दूर जातात. एका ठिकाणची तूट दुसरीकडून भरून निघते. गोड्या पाण्यांतील मादी अंडीं थोडीं पण मोठीं घालते, तीं पोटाखालीं बाळगते, व त्यांतून थेट इवले खेकडेच बाहेर पडतात. त्यांचा प्रसार दूरवर होत नाहीं. म्हणून डोंगरांतील कित्येक जाती लहानशा टापूपुरत्याच आढळतात. तेथील ओहोळांत विष गेलें तर ती जात कायमची नाहींशी होऊं शकते.

शिवाय बिळांत ओतलेलें विष ओहोळांतील मासे व किडे खाणारे बेडूक यांसही मारतें, आणि मुठे पकडून खाणाऱ्या माणसांसही त्यापासून धोका असतो. त्यापेक्षां पावसाळ्यापूर्वीं बांध तपासावा, बिळें ओल्या चिकणमातीनें खोलवर भरून धुमसानें ठोकावीं, आणि रात्रीं दिव्याच्या उजेडांत मुठे हातांनीं वेंचावे. पोटाखालीं पिलें असलेली मादी शेतापासून दूर ओहोळांत सोडावी. लावणीस फार कोंवळें रोप वापरूं नये.

२०१९ सालीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे धरण फुटून अनेक गांवकरी बुडाले, तेव्हांही खेकड्यांकडे बोट दाखविण्यांत आलें. परंतु गळतीची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती. खेकडा बीळ पाडतो. तें वेळेवर बुजविणें हें मात्र आपलेंच काम होय.