विसरभोळेपणा : सगळाच म्हातारपणाचा नव्हे

वय झाले की चष्मा कुठे ठेवला, समोरच्याचे नाव काय, हे चटकन आठवत नाही. थोड्या वेळाने आठवले तर काळजीचे कारण नाही. पण नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, जेवण झाल्याचेच विसरणे, साधा हिशेब न जमणे ही लक्षणे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी नेऊ नयेत. थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसर पडतो आणि वेळीच उपचार झाल्यास तो पुष्कळ कमी होऊ शकतो. ब-१२ मुख्यतः दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळते. म्हणून शाकाहारी वृद्धांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणी करून घ्यावी.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, पण आटोक्यात ठेवता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांच्या जोडीला बहिरेपणा आणि एकटेपणाही आहे. ऐकू येईनासे झाले की माणूस चारचौघांत बोलणेच टाळतो. तेव्हा कान तपासून घ्या, गरज असल्यास श्रवणयंत्र लावा, रोज अर्धा तास चाला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना गप्पांत सामील करून घ्या.