शिकारीसाठी पहिला कुत्रा निवडताना अमेरिकेत काय बघतात?

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर लोळणारा लॅब्रॅडॉर बघून खरं वाटणार नाही, पण हा गडी मूळचा शिकाऱ्याच्या हाताखालचा. गोळी लागून पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणून द्यायचा, हे त्याचं काम. भारतात वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा विषयच संपला. अमेरिकेत मात्र लायसन काढून, ठरलेल्या सीझनमध्ये आणि ठरलेल्या संख्येत पक्ष्यांची शिकार करता येते. माळरान, शेत, झाडी, डोंगर इथल्या पक्ष्यांच्या शिकारीला तिथे 'अपलँड हंटिंग' म्हणतात.

नवखा शिकारी बहुतेकदा देखण्या फोटोला भुलतो. खरं तर आधी बघायचं असतं, शिकार कुठल्या पक्ष्याची करायची आहे.

कारण या कुत्र्यांच्या कामाच्या दोन तऱ्हा आहेत. पॉइंटर, सेटर, ब्रिटनी ही मंडळी पक्ष्याचा वास आला की जागच्या जागी पुतळ्यासारखी थिजतात. मग मालक चालत येऊन पक्षी उठवतो, त्यामुळे कुत्रा लांब गेला तरी चालतं. स्प्रिंगर, कॉकर आणि लॅब मात्र स्वतःच घुसून पक्षी उडवतात. म्हणजे त्यांनी बंदुकीच्या टप्प्यातच राहायला हवं. (कॉकर हे नावच वूडकॉक पक्ष्यावरून पडलंय.)

साऊथ डकोटातला फेझंट बसून राहण्याऐवजी गवतातून पळत सुटतो. तिथे थिजून उभ्या राहणाऱ्या कुत्र्याची फजिती होते, लॅब किंवा स्प्रिंगर कामाला येतो. नेवाडाच्या कोरड्या डोंगरात चुकार असतो, म्हणजे आपला कवितेतला चकोरच. तो आशियातून तिकडे नेऊन सोडलेला. त्याच्यासाठी लांबवर धावणारा, दमदार पॉइंटर लागतो.

जात ठरली तरी काम संपत नाही. एकाच जातीत डॉग शोसाठी वाढवलेली आणि शिकारीसाठी वाढवलेली अशी वेगळी घराणी असतात. म्हणून पिल्लाच्या आई-वडिलांना रानात काम करताना बघायचं आणि त्यांच्या कंबरेच्या सांध्यांच्या एक्स-रेचा रिपोर्ट मागायचा.

सगळ्यात महागात पडते ती घाई. 'आवाजाची सवय होऊ दे' म्हणून काहीजण पिल्लाला थेट गोळीबाराच्या मैदानावर नेतात. तिथे ते एकदा घाबरलं की बंदूक दिसताच पळ काढतं, आणि ही भीती घालवणं फार अवघड असतं. योग्य पद्धत उलटी आहे. आधी पिल्लाला पक्ष्यांचं वेड लावायचं. ते पक्ष्यामागे धावण्यात गुंग असताना खूप लांबून हलका बार काढायचा आणि कित्येक दिवसांत हळूहळू जवळ यायचं. एवढा वेळ नसेल, तर थोडं शिकवून तयार केलेला कुत्राही मिळतो, पण त्याला हजारो डॉलर मोजावे लागतात.

सीझन असतो काही महिन्यांचा, कुत्रा जगतो दहा-बारा वर्षं. म्हणून चांगला ब्रीडर पैशांचं बोलण्याआधी विचारतो, शिकार नसेल तेव्हा याला रोज पळवणार कोण? उत्तर पटलं नाही, तर तो पिल्लू देत नाही.