‘गोड बातमी’तली साखर

घरात गोड बातमी कळली की पाठोपाठ रक्ताचा रिपोर्ट येतो. त्यावर ‘बीटा एचसीजी’ असे लिहून एक आकडा दिलेला असतो. दोन दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये तपासले आणि आकड्यांचा मेळ बसला नाही, की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. यामागचे एक कारण त्या संप्रेरकावरच्या साखरेत आहे.

एचसीजी हे संप्रेरक पुढे वार तयार करणाऱ्या पेशी बनवतात. ते अंडाशयातील पीतपिंडाला प्रोजेस्टेरॉन बनवत राहायला लावते, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ टिकतो. त्यात प्रथिनाच्या दोन साखळ्या असतात. अल्फा साखळीत ९२ अमिनो आम्ले असतात, तर बीटात १४५. या प्रथिनावर आठ ठिकाणी शर्करेच्या छोट्या फांद्या असतात: दोन अल्फावर, सहा बीटावर. एकूण वजनाचा सुमारे ३० टक्के भाग या शर्करेचा असतो. तिचा पेढ्याबर्फीशी किंवा मधुमेहाच्या ‘शुगर’शी संबंध नाही.

मग ती कशासाठी? या फांद्यांच्या टोकांना सायलिक आम्ल असते. ते गळून पडले की यकृत संप्रेरकाला झटपट रक्तातून उचलते. ते शाबूत असेल तर एचसीजी दीर्घकाळ टिकते. एलएच हे त्याचे भावंड त्याच ग्राहकावर काम करते, पण लवकर नाहीसे होते. एचसीजीचे प्रमाण निम्मे व्हायलाच एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो.

सगळे एचसीजी एकसारखे नसते. पहिल्या आठवड्यांत मोठ्या फांद्यांचा, जास्त शर्करेचा प्रकार अधिक असतो. गर्भाशयाच्या भिंतीत रुजणाऱ्या पेशी तो बनवतात. द्राक्षगर्भानंतर क्वचित होणाऱ्या कोरिओकार्सिनोमा या कर्करोगातही हाच प्रकार प्रामुख्याने आढळतो. याशिवाय रक्तात सुटी बीटा साखळी आणि लघवीत बीटाचे तुकडेही असतात. प्रत्येक कंपनीचे तपासणी-किट हे प्रकार सारख्याच प्रमाणात मोजत नाही. त्यामुळे एकाच रक्ताचे दोन लॅबमध्ये दोन आकडे येऊ शकतात आणि दोन्ही लॅब आपापल्या जागी बरोबर असतात.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुन्हा तपासणी करायची असेल तर शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. तो कसा वाढतो आणि सोनोग्राफीत काय दिसते, हे डॉक्टर एकत्र पाहतात. पोटात तीव्र दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर आकडा कितीही असो, ताबडतोब दवाखाना गाठावा. द्राक्षगर्भ काढल्यानंतर मात्र ‘आता बरे वाटते’ म्हणून एचसीजीच्या तपासण्या मध्येच सोडू नयेत. तो आजार वेळीच कळला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

पुढच्या वेळी दोन रिपोर्ट शेजारी ठेवाल, तेव्हा आकड्याआधी लॅबचे नाव वाचा.